डोई कुणाची, डोळे कुणाचे?

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला घरातली माणसे एकमेकांना जशी दिसतात, तशी ती वर्षात पुन्हा कधी दिसत नाहीत. पहाटेचा अंधार, डोक्यात चपचपीत तेल, अंगाला उटणे, आणि केस सुटे; कुणाचे सरळ, कुणाचे कुरळे, कुणाचे विरळ होत चाललेले. त्या घटकेला कुणी कुणाच्या केसांना नावे ठेवीत नाही. तासा-दोन तासांनी फराळाला पाहुणे यायचे असतात, आणि मग मात्र आरशापुढे रांग लागते. ह्या दोन तासांत माणसाच्या मनात काय घडते, हा माझ्या आजच्या लेखाचा विषय. विषय केसांचा आहे म्हणून वाचकांनी तो हलका समजू नये. आपल्या भाषेनेही तो हलका मानलेला नाही. विश्वासघाताला आपण केसाने गळा कापणे म्हणतो. अनुभवाची ग्वाही द्यायची झाली तर हे केस उन्हाने पांढरे झाले नाहीत असे बजावतो. आणि एखाद्याच्या केसालाही धक्का लागू देणार नाही असे म्हणतो, तेव्हा आपण त्याच्या जिवाची हमी घेत असतो.

माझी एक भाची अमेरिकेत अटलांटा शहरी इस्पितळात परिचारिका आहे. तिच्या हाताखाली नव्हे, तर जिच्या हाताखाली ती काम शिकली, अशी एक कृष्णवर्णीय बाई तिची जिवाभावाची मैत्रीण. ह्या बाईने शाळकरी वयापासून वीस-बावीस वर्षे आपले केस रसायनाने सरळ करून घेतले आणि दोन वर्षांमागे ते बंद केले. तिला नऊ वर्षांची मुलगी आहे. मुलीने ह्या वर्षी हट्ट धरला की, मलाही माझे केस सरळ करून हवेत. आई नाही म्हणाली. तेव्हा मुलगी म्हणाली, “डोके तुझे होते तेव्हा मर्जी तुझी होती, असे तूच सांगतेस. मग माझे डोके कुणाचे?”

भाचीने हे मला फोनवर सांगितले आणि म्हणाली, “मावशी, तू शाळेत शिकवतेस, कादंबऱ्या लिहितेस. ह्याला उत्तर काय ते सांग.” मी तिला त्या दिवशी उत्तर दिले नाही. नऊ वर्षांच्या मुलीचा प्रश्न म्हणून तो बाजूला सारण्याजोगा नव्हता. तो नीट समजून घ्यायचा तर आधी ते केस आणि ते रसायन काय आहे, हे पाहायला हवे.

रसायनशास्त्राचा माझा अभ्यास मॅट्रिकपाशी थांबला, तरी एवढे समजते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्या प्रथिनाच्या धाग्यांना जागोजागी गंधकाचे दुवे असतात. प्रत्येक दुव्यात गंधकाचे दोन अणू हातात हात घालून उभे. केसाचा आकार धरून ठेवण्याचे काम हे दुवे करतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या केसांचे मूळ त्वचेत वाकडे असते, केस आडवा कापून पाहिला तर चपटा दिसतो, आणि म्हणून तो स्प्रिंगेसारखी वेटोळी घेत वर येतो. तो सरळ करण्यासाठी जो लेप लावतात, त्यातला जुना आणि जालीम प्रकार म्हणजे कॉस्टिक सोडा. साबण करायला आणि तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तोच. नंतर त्याच्याहून सौम्य म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन ह्यांचे मिश्रण आले. हा लेप गंधकाचा दुवा तोडतो, जोडीतला एक अणू निघून जातो आणि उरलेल्याचा नवा दुवा बनतो. तो पुन्हा पूर्ववत होत नाही. लेप मिनिटभर जास्त राहिला तर डोक्याची कातडी भाजते. एवढे करूनही निसर्ग आपला हेका सोडत नाही. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो आणि मुळाकडून जो नवा येतो तो पुन्हा कुरळाच येतो. म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी मुळांना पुन्हा लेप. हे चक्र पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू होऊन म्हातारपणापर्यंत चाललेल्या स्त्रिया तिकडे पुष्कळ आहेत.

हे बंद करायचे म्हटले तरी एका दिवसात होत नाही. दोन वाटा आहेत. एक, सगळे सरळ केस कापून टाकायचे आणि बोटभर केसांनी जगापुढे उभे राहायचे. दुसरी, लेप थांबवायचा, नवे केस वाढू द्यायचे आणि जुन्यांची टोके थोडी थोडी कापत जायचे. त्या बाईने दुसरी वाट धरली. ह्या काळात एकाच केसाचा वरचा भाग कुरळा आणि खालचा सरळ असतो, आणि दोन्ही जेथे मिळतात तेथे केस सर्वांत नाजूक असतो. विंचरताना नेमका तेथे तुटतो. म्हणून कोरडे केस विंचरायचे नाहीत. ओले करून, हाताला बुळबुळीत लागेल असे काही लावून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत जायचे. वेटोळ्यांमुळे डोक्यावरचे नैसर्गिक तेल टोकापर्यंत पोचत नाही, तेव्हा साबण कमी आणि तेल जास्त. रात्री निजताना रेशमासारख्या गुळगुळीत कापडाने डोके बांधायचे. भाची सांगत होती की, ह्या बाईला सर्वांत अवघड गेले ते निराळेच. आपले केस मुळात कसे आहेत, हेच तिला ठाऊक नव्हते. पस्तिशी उलटलेल्या बाईला आपल्याच डोक्याची नव्याने ओळख करून घ्यावी लागली.

आता प्रश्नाकडे वळू. पहिले उत्तर जे कुणालाही सुचेल ते असे: जन्मतः मिळाले ते खरे, केलेले ते खोटे, म्हणून सरळ केलेले केस म्हणजे असत्य, आणि सोडून दिले ते सत्य. हे उत्तर ऐकायला सात्त्विक वाटते, पण जरा ओढून पाहिले की फाटते. फणी निसर्गाने दिलेली नाही. वेणी, अंबाडा, खोपा हे झाडाला लागत नाहीत. आफ्रिकेत केसांच्या बारीक वेण्या डोक्यालगत गुंफण्याची जी कला आहे, तिला तासन् तास बसावे लागते. निसर्गालाच प्रमाण मानायचे तर उवाही निसर्गाच्याच.

हा नुसता शब्दच्छल नाही. अमेरिकेत 1981 साली ह्याच भेदावर एक खटला बुडाला. रेने रॉजर्स नावाची कृष्णवर्णीय स्त्री अमेरिकन एअरलाइन्समध्ये नोकरीला होती. डोक्यालगतच्या वेण्या घालून कामावर येण्यास कंपनीची मनाई होती, म्हणून ती न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले की, अशा वेण्या हे केसांचे नैसर्गिक रूप नव्हे, ती मनुष्याची करणी आहे आणि सहज बदलता येते; तेव्हा तिला मनाई केल्याने वंशभेद होत नाही. मौज पाहा. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या त्या स्त्रियांना सांगितले की तुमचे नैसर्गिक केस सभ्य नाहीत, त्याच समाजाच्या न्यायासनाने त्यांना सांगितले की तुमच्या वेण्या पुरेशा नैसर्गिक नाहीत. ‘नैसर्गिक’ हा शब्द दुधारी आहे. तो ज्याच्या हातात पडेल त्याच्या सोयीने कापतो. म्हणून हे पहिले उत्तर मी बाजूला ठेवते.

दुसरे उत्तर आजच्या काळाचे आहे: ज्याची डोई त्याची मर्जी. ह्यात कुणी बोलू नये. हे उत्तर मला पहिल्यापेक्षा अधिक आवडते, आणि म्हणूनच ते अधिक काळजीने तपासावेसे वाटते. मर्जी म्हणजे काय? आपल्या मनात उगवले ते सगळे आपलेच बी असते काय?

लुइझियानात स्पॅनिश अंमल असताना 1786 साली तेथील गव्हर्नराने फर्मान काढले की, गुलामीतून मुक्त असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी डोक्याला रुमाल बांधून केस झाकले पाहिजेत. त्यांच्या केशरचनेकडे पाहून माणसे भुलतात, असा दोष त्या स्त्रियांवर होता. त्या बायकाही अशा की, त्यांनी झगमगीत रंगांचे रुमाल अशा थाटात बांधले की शिक्षेचा दागिना झाला. पण फर्मान ते फर्मान. पुढे गुलामी गेली, तरी काम देणाऱ्याचे डोळे तेच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी तापवलेल्या लोखंडी फणीने केस सरळ करण्याची चाल घरोघर पसरली. 1913 च्या सुमारास गॅरेट मॉर्गन ह्या कृष्णवर्णीय संशोधकाने सरळ करणारे मलम विकायला आणले. माल्कम एक्स ह्यांनी 1965 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या तरुणपणचा प्रसंग सांगितला आहे. कॉस्टिक, अंडी आणि बटाटे ह्यांचा घरगुती लेप लावून त्यांनी केस सरळ केले. डोके पेटल्यासारखे झाले. आणि आरशात पाहून ते खूश झाले. पुढे त्या खुशीचीच त्यांना लाज वाटली. आपल्या अधोगतीचे ते पहिले मोठे पाऊल होते, असे त्यांनी म्हटले आहे.

तेव्हा ती खुशी त्यांची स्वतःची होती की नव्हती? होती, आणि नव्हतीही. तरुण माल्कमला कुणी बांधून लेप लावला नव्हता. पण कोणते केस पाहून खूश व्हायचे, हे त्याच्या जन्माआधीच ठरून गेले होते.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. असे म्हटले की लगेच शहाणी माणसे सरळ केसांच्या प्रत्येक स्त्रीला सांगू लागतात की, बाई, तुझी मर्जी ही तुझी नव्हेच. हेही एक जोखडच. सारा ब्रीडलव्ह नावाची मुलगी 1867 साली लुइझियानात, गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मली. पुढे धुणी धुऊन पोट भरले, आणि मग केसांच्या औषधांचा व्यवसाय काढून ती मॅडम सी. जे. वॉकर म्हणून देशभर नावाजली. तिने हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना हा धंदा शिकवला, दुसऱ्यांची धुणीभांडी करण्यातून त्यांना सोडवले. आपण केस सरळ करणाऱ्या नसून केसांची जोपासना करणाऱ्या आहोत, असे ती आग्रहाने सांगे. तरी तिच्या पद्धतीत ती तापवलेली फणी होतीच. स्वयंपाकघरात शनिवारी रात्री चुलीपाशी आईच्या गुडघ्यांत डोके देऊन बसलेल्या मुली, ती फणी, आणि त्या वेळच्या गप्पा. ह्यांत लाज होती तशी मायाही होती. ह्या सगळ्याला एका शब्दात गुलामगिरी म्हणून मोकळे होता येत नाही. आणि उलट बाजूही आहे. 1960 नंतरच्या दशकात ‘काळे ते सुंदर’ अशी घोषणा झाली आणि गोलाकार फुललेले केस हा अभिमानाचा झेंडा झाला. त्या झेंड्याची मूर्ती म्हणून ज्यांची छायाचित्रे जगभर गेली त्या अँजेला डेव्हिस ह्यांनी पुढे 1994 साली खंत लिहिली की, एवढ्या लढ्यानंतर लोकांच्या लक्षात राहिली ती आपली केशरचना. म्हणजे नैसर्गिक केस ठेवले तरी बघणाऱ्यांचे डोळे डोईवरून खाली उतरत नाहीत ते नाहीतच.

मग मर्जी खरी कोणती, हे ओळखायचे कसे? मन उघडून पाहता येत नाही. मला एक साधी कसोटी सुचते. एखादी गोष्ट करण्याची मोकळीक किती आहे, हे ती करताना कळत नाही; ती सोडताना कळते. जी सोडली असता नोकरी जात नाही, लग्न मोडत नाही, वर्गात हसे होत नाही, ती हौस. जी सोडली असता ह्यांपैकी काही जाते, तो कर. आणि कर हौसेने भरला तरी तो करच असतो. मेंदी आवडते म्हणून काढणारी बाई उद्या काढली नाही तर कुणी तिला कामावरून काढणार नाही. पण अलाबामा राज्यातल्या एका स्त्रीला 2010 साली मिळालेली नोकरी, जटांसारखी केशरचना कापायला ती तयार नाही म्हणून परत घेतली गेली, आणि 2016 साली वरिष्ठ न्यायालयानेही तिला दाद दिली नाही. कॅलिफोर्नियाने 2019 साली कायदा करून केसांचा पोत आणि वेण्यांसारख्या रचना ह्यांवरून भेद करण्यास बंदी घातली. तेथल्या राज्यांतला तो पहिला. इतर पुष्कळ राज्यांनी नंतर तसे कायदे केले. तोपर्यंत, आणि जेथे तो कायदा नाही तेथे, ‘ज्याची डोई त्याची मर्जी’ हे वाक्य अर्धेच खरे.

ह्या करात पैसा आणि वेळ ह्यांखेरीज आणखीही काही जाते, असे आता दिसू लागले आहे. 2022 साली अमेरिकेत एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 33,497 स्त्रियांची माहिती वर्षानुवर्षे गोळा केली होती. केस सरळ करणारी रसायने ज्यांनी कधी वापरली नाहीत, त्यांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज शंभरात 1.64, वर्षात चारापेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत 4.05. रसायनानेच रोग होतो असे ह्यावरून सिद्ध झाले नाही, दोहोंचा संबंध तेवढा दिसला. आणि शंभरात चार म्हणजे बाकीच्या शहाण्णवांना काही झाले नाही, हेही खरे. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या आईने ‘नाही’ म्हणायला हा आकडा पुरेसा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न परका वाटेल, पण तो तितका परका नाही. तिरुपतीला भाविक नवस फेडायला केस अर्पण करतात. देवस्थान त्या केसांचा लिलाव करते, आणि त्यांतले पुष्कळ केस टोप आणि जोडकेस होऊन परदेशी जातात. तेथल्या कृष्णवर्णीय स्त्रियाही ते विकत घेतात. एका बाईने आपला अभिमान देवाच्या पायाशी टाकावा आणि तोच दुसऱ्या बाईने समुद्रापलीकडे अभिमान म्हणून डोईवर घ्यावा, ह्याला काय म्हणावे?

आणखी एक धागा आहे. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिले, ते अमेरिकेतील निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. विधवांच्या केशवपनाचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. शास्त्र काय म्हणते, विधवेचा धर्म कोणता, तिने केस राखले तर तिचे पातिव्रत्य राहते की जाते, अशा चर्चा मोठमोठ्या विद्वानांत चालल्या होत्या. सगळे प्रश्न तिच्या डोक्याबद्दल. 1890 साली लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र जमले आणि त्यांनी ठरवले की, आम्ही हे काम करणार नाही. शास्त्रार्थ त्यांनी केला नाही. वस्तरा आमच्या हातात आहे, तेव्हा जबाबदारीही आमच्या हातात आहे, एवढेच त्यांना दिसले. विधवेवरची जबरदस्ती आणि तिकडच्या मुलीचा लेप ह्या सारख्या गोष्टी नव्हेत. एकीत हात-पाय धरले जात, दुसरीत मन वळवले जाते. पण त्या न्हाव्यांनी प्रश्नाची दिशा बदलली, ती मला दोन्हीकडे लागू वाटते. डोईवाल्या बाईला ‘तू असे का करतेस’ हे विचारण्याआधी, वस्तरा धरणाऱ्याने आणि पाहणाऱ्याने स्वतःला विचारावे की, मी काय करतो आहे.

असे पाहिले म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देता येते. मी भाचीला लिहिले ते असे: “तिच्या आईने तिला सांगावे की, डोके तुझेच आहे. मोठी झालीस की लेप लाव, काप, रंगव. मी बोलणार नाही. मी आज नाही म्हणते ते तुझे केस चांगले आणि ते वाईट म्हणून नव्हे. तुझी कातडी अजून कोवळी आहे, आणि तुला हे आवडते की तुझ्या वर्गाला आवडते, हे ओळखायला तुला वेळ हवा, म्हणून. आणि तोवर तुझ्या केसांपायी तुझ्याकडून कुणी कर वसूल करू नये, हे पाहणे माझे काम.” ह्यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. नुसता नकार देऊन आई मोकळी झाली, तर मुलीच्या वाट्याला वर्गातले हसे आणि घरातली बंदी अशा दोन्ही गोष्टी येतील. आईने शाळेत जाऊन बाईंशी बोलले पाहिजे. भाची कळवते की, आई शाळेत गेली. मुलगी अजून रुसलेली आहे. रुसू द्यावे.

बाईंशी बोलले पाहिजे, असे मी लिहिले खरे. पण बाई म्हणजे माझ्यासारखीच कुणीतरी. मी ज्या शाळेत शिकवते तेथे मुलींसाठी नियम आहे: केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, दोन वेण्या, लाल फिती. सहावीत एक मुलगी आहे. तिचे केस दाट आणि कुरळे आहेत. आई पहाटे उठून अर्धी वाटी तेल जिरवते, तरी प्रार्थनेच्या वेळेपर्यंत कपाळाभोवती ते पुन्हा उभे राहतात. तिला रोज ओळीतून बाजूला काढले जाते. ती अभ्यासात हुशार आहे, गाते छान. पण शाळेत तिची ओळख ‘झिपरी’. मागच्या महिन्यात तिच्या आईने मला विचारले, “बाई, पार्लरमध्ये केस सरळ करून मिळतात म्हणे. सहा हजार सांगतात. करून टाकू का?” तिचा नवरा रिक्षा चालवतो. सहा हजार म्हणजे त्या घराचे काय होईल, ते मी सांगायला नको.

मी तिला म्हटले, “सुट्टी संपेपर्यंत थांबा.”

सुट्टीनंतर शाळेच्या समितीची बैठक आहे. नियमातले ‘चापूनचोपून’ काढून तेथे ‘स्वच्छ, बांधलेले आणि डोळ्यांवर न येणारे’ असे लिहावे, एवढी सूचना मी लिहून दिली आहे. शिस्तीला मी विरोध करीत नाही. तीस वर्षे शाळेत काढण्याचा विचार असलेल्या बाईला तो परवडणारही नाही. स्वच्छतेचा नियम सगळ्या डोक्यांना सारखा पाळता येतो. चापूनचोपून बसण्याचा नियम ज्यांचे केस मुळात बसतात त्यांनाच पाळता येतो, आणि उरलेल्यांना तो पाळायला सहा हजार रुपये पडतात. असला नियम शिस्तीचा नव्हे, कराचा. सूचना मंजूर होईल की नाही ते सांगता येत नाही. दोन सभासदांनी ‘केसांवर कसली बैठक’ असे हसून विचारले आहेच. पण त्या मुलीची आई पैसे बाजूला ठेवून बसली आहे, आणि शाळा उघडायला बारा दिवस उरले आहेत.